गोदाम आणि जिनिंगच्या तपासणीसाठी टॉर्च कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा: वाशीम जिल्ह्यात गोदाम तपासणीचं काम नव्यानं लागलं आहे. तूर, हरभरा, सोयाबीनच्या थप्प्या बघायच्या, छताची गळती बघायची, आणि हंगामात दोन जिनिंगमध्ये रुईच्या गाठी व सरकीचे ढीग बघायचे. ऑनलाइन ‘९०,००० लुमेन’चा (लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) टॉर्च घेतला. झोत पांढराशुभ्र आहे, पण पोत्यावर कीड आहे की धूळ ते कळत नाही, आणि अर्ध्या तासात उजेड बसतो. दोन-अडीच हजारांत काय घ्यावं, आणि आहे त्या टॉर्चचं काय करावं?

भाऊ, तुम्हाला उजेड कमी पडत नाहीये. हातभर अंतरावरच्या पोत्यासाठी तो जास्तच आहे, आणि तो समोरून पडतो आणि निळसर आहे. कीड, जाळी, बुरशी, ओल हे सगळं दिसतं ते सावलीमुळे आणि रंगातल्या फरकामुळे. समोरून मारलेला प्रखर झोत सावली खातो, निळसर झोत रंग खातो. त्यामुळे दुकानात ‘झोत किती लांब जातो’ हे विचारण्याआधी मूठभर तूर तळहातावर घेऊन ती कशी दिसते ते बघायला हवं.

काही गोष्टी मात्र तुमच्या कामावर ठरतील. दिवसाला एक गोदाम असतं की चार, शिडीवर चढावं लागतं का, मधल्या वेळात चार्जिंगची सोय आहे का, आणि सरकी किंवा सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये (रसायनानं तेल काढण्याच्या कारखान्यात) जावं लागतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तिथं साधा टॉर्च चालतच नाही. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आधी त्या ९०,००० चा हिशेब करू. टॉर्चमधल्या एका चांगल्या १८६५० मापाच्या लिथियम सेलमध्ये साधारण १० ते १२ वॅट-तास ऊर्जा मावते. एलईडी आणि आतलं सर्किट मिळून एका वॅटमागे ढोबळमानानं १०० लुमेन देतात, चांगल्या टॉर्चमध्ये थोडे जास्त. म्हणजे ९०,००० लुमेनला ९०० वॅट लागतील, एका इस्त्रीएवढे. मुठीत मावणाऱ्या टॉर्चमध्ये ते शक्य नाही. हाच हिशेब उलटा लावला की कामाचे आकडे मिळतात: १००० लुमेनवर एक सेल तासभर, ३०० लुमेनवर तीन-चार तास, ५० लुमेनवर अख्खा दिवस. तपासणीचं बरंचसं काम ५० ते ३०० लुमेनमध्ये होतं.

उजेड अर्ध्या तासात का बसतो? त्याची दोन कारणं असतात आणि त्यांचे इलाजही वेगळे. एक तर सेल हलका असतो, तो संपतो. दुसरं, एलईडी तापते आणि सर्किट मुद्दाम उजेड कमी करतं. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात हवाच पंचेचाळीसच्या आसपास असते, तिथं कुठलाही हजार लुमेनचा छोटा टॉर्च काही मिनिटांतच खाली येतो. हा दोष नाही, उलट जो येत नाही तो स्वतःला भाजून घेतो. पण डब्यावरचा आकडा कसा मोजलेला असतो ते माहीत असावं. टॉर्च मोजण्याच्या एएनएसआय एफएल१ या मानकात लुमेन टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात, आणि चालण्याचा वेळ सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरेतो धरतात. त्यामुळे ‘१००० लुमेन, ४ तास’ याचा अर्थ तीन मिनिटं हजार आणि पुढं दोन-अडीचशे असाही निघतो. कंपनी वेळ आणि उजेडाचा आलेख देत असेल तर तोच बघा. देत नसेल तर ‘मध्यम’ मोडचा आकडा तुमचा खरा आकडा समजा.

आता लांबी. झोताची तीव्रता कॅन्डेलात मोजतात, आणि मीटरमधल्या अंतराच्या वर्गानं भागलं की त्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मिळतो. ५००० कॅन्डेलाचा टॉर्च १० मीटरवर ५० लक्स देतो. छताचा पत्रा, कैची, थप्पीचा वरचा थर बघायला तेवढं पुरतं, कारण गोदामाचं छत सहसा त्याच्या आतच असतं. पण तोच झोत अर्ध्या मीटरवरच्या पोत्यावर २०,००० लक्स होतो. डोळे दिपतात आणि बाहुली आक्रसते. मग शेजारच्या अंधाऱ्या फटीत काहीच दिसत नाही. याउलट, सगळीकडे पसरणारा फक्त ६० कॅन्डेलाचा उजेड ३० सेंटीमीटरवर साडेसहाशे लक्सच्या पुढं जातो. धान्य निवडायला हाच उजेड लागतो. म्हणून रुंद, पसरट झोत आणि खाली १०-३० लुमेनपर्यंत उतरणारा मोड या दोन गोष्टी आधी मागा. ‘५०० मीटर रेंज’ शेतात रानडुक्कर हाकलायला ठीक आहे.

टॉर्च कोणताही असो, तो धरायचा कसा यावर निम्मं काम अवलंबून आहे. पोत्याच्या पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांचा कोन करून, जवळजवळ घासत, बाजूनं उजेड टाका आणि बघा मात्र समोरून. जाळीचा एकेक धागा सावली टाकतो आणि उठून दिसतो. शिलाईच्या कडेला साचलेलं बारीक पीठ, धुळीत उंदराच्या शेपटीनं ओढलेली रेघ, भिंतीवरच्या चुन्याला आलेला फुगवटा, हे सगळं समोरच्या झोतात सपाट होऊन जातं. सुरुवात खालच्या दोन थरांपासून करा, मग पोत्यांचे कान आणि शिलाई, मग थप्पीचे कोपरे, आणि शेवटी फरशी-भिंतीचा जोड. भिंत आणि थप्पीमधल्या दोन-अडीच फुटांच्या गल्लीत टॉर्च कमरेच्या उंचीवर भिंतीला समांतर धरून चाललात तर एकाच फेरीत दोन्ही बाजू बघून होतात. लाकडी पॅलेटखाली हात घालण्याआधी टॉर्च जमिनीला टेकवून पूर्ण आरपार उजेड टाका. मण्यार आणि घोणस दोन्हींना ती जागा आवडते.

छताची भोकं शोधायला मात्र टॉर्च बंद करावा लागतो. भर दुपारी शटर ओढून घ्या, पाच-सात मिनिटं अंधारात थांबा, डोळे सरावले की पत्र्यातलं खिळ्याएवढं भोकही चांदणीसारखं दिसतं. मग टॉर्च लावून त्याखालच्या थप्पीवर खूण करायची. पावसाळ्यापूर्वी, जूनच्या आधी, हे एकदा झालंच पाहिजे.

रंगाचा मुद्दा लोक सर्वांत कमी बघतात आणि तुमच्या कामात तोच सर्वांत जास्त लागतो. स्वस्त टॉर्चची एलईडी ६५०० केल्व्हिनच्या आसपासची असते (केल्व्हिन जितके जास्त तितका उजेड निळसर), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ७० च्या जवळपास. त्या उजेडात निळा भरपूर आणि लाल फार कमी. तूर तांबूस, तागाचं पोतं तपकिरी, तांबडा भुंगेरा तीन-चार मिलिमीटरचा आणि तोही तांबूस तपकिरीच. लालच नसेल तर हे तिन्ही एकाच मातकट रंगाचे होतात. सोयाबीनमध्ये कीड तशी कमी, तिथं खरी भीती ओल आणि बुरशीची. दाण्यावरची तपकिरी झाक आणि डोळ्याजवळची हिरवट-राखाडी बुरशी यांतला फरक निळ्या उजेडात हमखास निसटतो. हरभऱ्यावर भुंगेऱ्याची अंडी पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात, तीही मवाळ उजेडात लवकर दिसतात. म्हणून ४००० ते ५००० केल्व्हिन आणि सीआरआय ९० किंवा जास्त, हे लिहून मागा. तपशिलात ‘आर९’ हा आकडा दिला असेल तर तो जितका मोठा तितकं लाल चांगलं दिसतं. निचिया कंपनीची ५१९ए ही एलईडी या कामात बरीच वापरली जाते. त्याच विजेत लुमेन थोडे कमी मिळतात, ते सोडून द्या. नमुना परखीनं (पोत्यात खुपसायच्या पोकळ सळईनं) काढल्यावर पांढऱ्या ताटात पसरून बघायची सवय ठेवा, म्हणजे रंगाला तुलना मिळते.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानदार तो गळ्यात मारतीलच. ३६५ नॅनोमीटरचा असेल तर उंदराचं मूत्र चमकताना दिसतं. ३९५ चा स्वस्त टॉर्च जांभळा उजेडच इतका टाकतो की चमक बुडून जाते. शिवाय साबणाची पूड, तेल, पोत्यावरच्या छपाईचे काही रंगही चमकतात, म्हणजे चमक दिसली की उंदीरच, असं नाही. सरकीवर आणि मक्यावर पिवळट-हिरवी चमक दिसली तर अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीच्या विषाचा) संशय घेऊन नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, त्यावरून माल नाकारायचा नाही. विंचू मात्र या उजेडात हिरवट-निळा झळकतो, रात्रीच्या फेरीला तेवढा उपयोग नक्की. डोळ्यांत कधी मारू नका. पहिल्या खरेदीत हा नको.

आकारात माझं मत ठाम आहे: डोकं काटकोनात वळलेला, एल आकाराचा टॉर्च, मागे चुंबक, सोबत डोक्याचा पट्टा. शिडीवर दोन्ही हात लागतात तेव्हा तो डोक्यावर जातो, मोटरचं पॅनल बघताना शटरला किंवा खांबाला चिकटतो, आणि तिरका उजेड टाकायचा तेव्हा हातात येतो. फक्त डोक्यावरचाच दिवा घेऊ नका. तो नेहमी डोळ्यांच्या रेषेतूनच उजेड टाकतो आणि सावली पुन्हा हरवते. पुढे-मागे सरकणारा झूमचा टॉर्च टाळा. त्या सरकत्या फटीतून धूळ आणि रुईचे तंतू आत जातात, आणि पूर्ण झूमवर मध्ये एलईडीचा चौकोन उमटतो, बाजूला काळोख.

धूळ आणि पाण्यासाठी आयपी ६५ किंवा वर. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आयपीएक्स८’ म्हटलं की पाण्याची चाचणी झाली आहे, धुळीची नोंद नाही. जिनिंगमध्ये पहिला आकडाच महत्त्वाचा.

सेलवर थोडं थांबू, कारण घोटाळा इथं सर्वांत जास्त आहे. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. या मापाच्या खऱ्या सेलची क्षमता सहसा ३५००-३६०० मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढं जात नाही. त्यावर ९९०० छापलेलं असेल तर सेल बनावट. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा, चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट बराच हलका निघतो. २१७०० मापाचा सेल ४०००-५००० पर्यंत जातो, टॉर्च थोडा जाड होतो पण दिवसभराला निश्चिंती. सेलवर आयएस १६०४६ हे भारतीय मानक आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. सेल काढता येईल असाच टॉर्च घ्या. आत बंद केलेला सेल दोन उन्हाळ्यांत म्हातारा झाला की अख्खा टॉर्च फेकावा लागतो.

उन्हाळा म्हटलं की चार्जिंगचा नियम आलाच. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी गोदामाच्या ऑफिसात पंख्याविना लावलेला चार्जर सेलचं आयुष्य खातो. पहाटे किंवा रात्री लावा. बाइकच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेमागं टॉर्च सोडू नका, तिथं पारा सहज साठच्या पुढं जातो. हंगाम संपला की अर्धा चार्ज ठेवून सेल बाहेर काढून ठेवा.

यूएसबी-सीची एक खोड माहीत असू द्या. स्वस्त टॉर्चमध्ये सॉकेट सी असतं, पण आत दोन छोटे रेझिस्टर बसवायचं वाचवलेलं असतं. मग नव्या मोबाइलच्या सी-टू-सी केबलनं तो चार्जच होत नाही. ‘टॉर्च बिघडला’ म्हणून परत जाणाऱ्यांतले काही फक्त याच कारणानं जातात. जुनी ए-टू-सी केबल लावून बघायची, किंवा घेतानाच दोन्ही केबलनं तपासायचं.

खेड्यात दोन दिवस लाईट नसेल तर? त्यासाठी दुसरा, छोटा टॉर्च एए सेलवरचा ठेवा. आत निकेल-मेटल हायड्राइडचे २००० मिलिअँपिअर-तासांचे रिचार्जेबल सेल घाला. अगदीच वेळ आली तर पानठेल्यावरचे साधे सेलही त्यात चालतात, पण काम झालं की लगेच काढा, ते गळतात आणि स्प्रिंग खातात. एएच्या मापाचे १४५०० नावाचे लिथियम सेलही मिळतात. ते ३.७ व्होल्टचे असतात, साध्या एए टॉर्चमध्ये घातले तर सर्किट जळतं.

आता धोका. धुरी (कीड मारायचा विषारी वायू) दिलेल्या गोदामात टॉर्च चांगला आहे म्हणून आत जाता येत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन हवेत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास झाला तर पेटू शकतो, आणि माणसाला तर त्याच्या कितीतरी आधी मारतो. कामाच्या पाळीसाठी धरलेली सरासरी मर्यादा ०.३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग, आहे. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण वासावर भरवसा ठेवायचा नाही. मीटरनं मोजून, शटर उघडून हवा खेळवून, धुरी देणाऱ्यानं मोकळं केल्याशिवाय आत पाय नाही. हा वायू तांबं आणि चांदी खातो. टॉर्च, मोबाइल, वजनकाटा धुरीच्या गोदामात रात्रभर विसरलात तर आतले जोड काळे पडतात आणि टॉर्च ‘कधी लागतो, कधी नाही’ असा होतो.

सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन या पेट घेणाऱ्या द्रावकाची वाफ असते. तिथं फक्त त्या क्षेत्रासाठी प्रमाणित, इंट्रिन्सिकली सेफ किंवा फ्लेमप्रूफ, म्हणजे बाहेरची वाफ पेटू न देणारा टॉर्च चालतो. भारतात अशा उपकरणांना मान्यता देणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय नागपुरातच आहे. जाहिरातीत ‘एक्सप्लोजन प्रूफ’ लिहिलं असून भागत नाही, टॉर्चच्या अंगावर ‘ईएक्स’ची खूण, गॅसचा गट आणि प्रमाणपत्र क्रमांक कोरलेला हवा. हा टॉर्च तुमच्या बजेटात येणार नाही. प्लांटकडून मागून घ्या.

जिनिंगमध्ये वेगळी काळजी. टॉर्च मनगटाला दोरीनं बांधलेला असावा. कापसाच्या गंजीत तो पडला आणि पाइपातून ओढला गेला तर धातूवर धातू घासून ठिणगी पडते, आणि जिनिंगला आग लागायला तेवढं पुरतं. वर आत लिथियम सेल असतो, प्रेसखाली चिरडला की तो स्वतः पेटतो. जास्त लुमेनचा टॉर्च चालू ठेवून तोंड पोत्यावर किंवा रुईवर टेकवू नका, काळं कापड किंवा ताग काचेला चिकटून करपतो. खिशात चुकून लागू नये म्हणून बटण लॉक करता येणारा किंवा मागचं झाकण पाव फेरा सैल करून बंद होणारा घ्या. आणि मोबाइलचा कॅमेरा टॉर्चसमोर धरून कमी मोडमध्ये पट्टे सरकतात का बघा. पट्टे दिसले म्हणजे उजेड लुकलुकतो आहे. अशा उजेडात फिरता रोलर थांबल्यासारखा भासू शकतो. चालू मशीनमध्ये तसंही डोकावू नये, पण भास झाला की हात आपोआप पुढं जातो.

टॉर्च हातात आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून ठेवा, मोबाइलवर लक्स मोजण्याचं फुकट ॲप घ्या आणि मोबाइल एका ठरावीक जागी टेकवा. चालू केल्यावर लगेच, मग १०, ३० आणि ६० मिनिटांनी आकडा लिहा. ॲपचा आकडा खरा नसला तरी घसरण खरी कळते. मध्यम मोडमध्ये तासाभरानंतर निम्म्याच्या खाली आला तर परत करा.

बजेटचं सांगायचं तर एल आकार, सीआरआय ९०, काढता सेल आणि आयपी ६५ हा मेळ तुमच्या रकमेच्या काठावर बसतो. तडजोड करायची वेळ आली तर लुमेनवर करा, चुंबकावर करा, रंगावर करू नका. एएचा छोटा टॉर्च पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. झाकणाच्या रबरी रिंगला दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, आणि काचेवरची धूळ आधी फुंकून मग पुसा, नाहीतर ओरखडे पडतात.

जुना टॉर्च फेकू नका, आवारात आणि बांधावर तो चालेल. त्याआधी सेल बाहेर काढून बघा. फुगलेला असेल, आवरण फाटलं असेल किंवा चार्जिंगला हात भाजण्याइतका तापत असेल तर त्या सेलचा वापर आजच थांबवा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. उकिरड्यावर टाकला आणि कुणी कचरा पेटवला तर तो फुटतो.